सहावा रकाना

विश्रामबागेत संध्याकाळचा तास सहाला.
साइटवरून तशीच येते मी,
कपाळावर हेल्मेटची खूण, बुटाला वाळलेला माल.
शिपाई मल्हारीकाका पायपुसण्याकडे बोट दाखवतात,
रोज.

कुंभोजे सर फळ्यावर पाच गुणिले पाचचा चौकोन आखतात.
खालून वर शक्यता, डावीकडून उजवीकडे परिणाम.
हिरवं, पिवळं, लाल.
विभागाकडे खडू पांढरेच,
म्हणून लाल म्हणजे रेघोट्या मारलेलं, समजून घ्या, म्हणतात,
आणि आम्ही समजून घेतो.

उदाहरणं सांगा.
कुणी म्हणतं, सिमेंटचा भाव.
कुणी, दिवाळीला गावी गेलेले मजूर.
मग शेवटच्या बाकावरून उज्मा मुजावर:
"सर, महापूर. पुस्तकात शंभर वर्षांतून एकदा दिलंय.
म्हणजे शक्यता एक?"
हो. एक.
"मी तेवीस वर्षांची आहे सर. सांगलवाडीत राहते.
तीनदा आमचा फ्रीज माडीवर चढवलाय."

वर्ग हसतो. सर हसत नाहीत.
डस्टर उचलतात, पण एक पुसत नाहीत,
त्याच्या शेजारी एक प्रश्नचिन्ह काढतात, बारीक,
आणि परीक्षेत मात्र एकच लिहा, म्हणतात.

जोखमीच्या नोंदवहीला रकाने सहा.
क्रमांक, जोखीम, शक्यता, परिणाम, उपाय,
आणि सहावा: मालक.
मला वाटलं छपाई चुकलीय.
मालक जमिनीला असतो, म्हशीला असतो,
यार्डातल्या हळदीच्या पोत्यावर शाईने असतो.
जोखमीला?
असतो, सर म्हणाले.
आणि तिथे नाव लिहायचं, हुद्दा नाही.
हुद्द्याची बदली होते.

साइटवर गंगाप्पा मुकादम क्यूब भरतो.
लोखंडी साचा, आतून तेल पुसलेला,
तीन थर, दर थराला पस्तीस ठोके, एक कमी नाही.
फक्त माल वेगळा.
मिक्सरमधला नाही, बाजूच्या घमेल्यातला,
तिथे सिमेंट सढळ आणि पाणी मोजून.
मी बघते.
मी बघतेय हे तोही बघतो.
"मॅडम, परीक्षेला पोरगं न्हाऊ घालूनच पाठवत्यात की."

खरं आहे.
मलाही बारावीला आईने तसंच पाठवलं होतं,
तळहातावर दहीसाखर.
पण वरचा स्लॅब?
खाली बाळंतिणींच्या बारा खाटा येणार आहेत.

रात्री खोलीवर अहवाल लिहिते.
जोखीम क्रमांक चौदा: नमुना आणि माल एक नसणे.
शक्यता: पाच. प्रश्नचिन्ह नाही.
परिणाम: पाच.
उपाय:
इथे पेन टेकून राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मालक:
गंगाप्पा लिहिता आलं असतं.
त्याला मराठी वाचता येत नाही, कळलंही नसतं.
चौगुले ठेकेदार लिहिता आलं असतं,
पण माझ्या हजेरीवर सही त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या मालातून
मी माझे तीन साचे भरले.
पस्तीस, पस्तीस, पस्तीस. दंड भरून आले.
ओल्या माथ्यावर खिळ्याने तारीख कोरली,
तारखेखाली र. म.

सातव्या दिवशी एक फोडला.
लवकर फुटला.
प्रयोगशाळेतल्या बाबासोंनी काटा बघितला,
मग मला बघितलं,
आकडा लिहिला, बोलले काही नाहीत.
उज्माला सांगितलं तर म्हणाली,
"फ्रीज आत्ताच चढवून ठेव."

उरलेले दोन टाकीत आहेत, हिरवट पाण्याखाली.
अठ्ठाविसावा दिवस गुरुवारी येतो.
तोंडी परीक्षाही गुरुवारीच, अकराला.

सहावा रकाना अजून पेन्सिलीत आहे.
दोनदा खोडला, कागद तिथे पातळ झालाय,
दिव्यापुढे धरला
तर मागच्या पानावरचं दिसतं.